आमच्या घरची आणेवारी

शेतकऱ्याच्या घरात सिनेमाची चर्चा म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याचे अगदीच चुकते असेही नाही. पण यंदा श्रावणात झड लागली आणि आठ-दहा दिवस वाफसाच आला नाही. कपाशीत पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतायचा. ना निंदणी, ना फवारणी. गुरांचे चारा-पाणी उरकले की सगळे घर ओसरीवर पावसाकडे बघत बसायचे. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला असतो. त्याने मागच्या दिवाळीत मोठा टीव्ही आणून भिंतीला लावला होता. धाकटी मुलगी कॉलेजला जाते, पण पुलावरून पाणी म्हणून तीही घरीच होती. ती म्हणाली, "आई, शेतकऱ्यांचे जुने-नवे सिनेमे लावते. रोज एक बघू."

असे आम्ही चार सिनेमे पाहिले. बघणारे चौघे. सासूबाई, हे, धाकटी आणि मी.

पहिल्या रात्री सिनेमा संपल्यावर धाकटीने विचारले, "दहापैकी किती मार्क द्यायचे?" सासूबाईंना मार्क-बिर्क कळत नाहीत. त्या म्हणाल्या, "मार्क शाळेत. पिकाची काढत्यात तशी आणेवारी काढा की!" झाले, तेच ठरले.

नव्या पिढीसाठी सांगते. पूर्वी रुपयाचे आणे सोळा. पीक भरघोस आले तर सोळा आणे, निम्मे आले तर आठ आणे. एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांचा रुपया झाला आणि कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली. पूर्वी ती पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईचे ठरायचे. पण जुन्या माणसांच्या तोंडी आणे अजून आहेतच. सरकार ही पैसेवारी एकदम काढत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. आम्हीही तसेच केले. सिनेमा संपताच नजरअंदाज, सकाळी चहाच्या वेळी सुधारित, आणि दोन दिवस डोक्यात घोळल्यावर अंतिम. तुम्हीही करून बघा. रात्री डोळे पुसत दिलेले आणे आणि सकाळी शेणकूर काढताना दिलेले आणे यांत बरीच तफावत पडते.

पहिला सिनेमा सासूबाईंच्या पसंतीचा, 'मदर इंडिया'. मेहबूब खान यांनी १९५७ साली काढलेला. त्यांनीच आधी १९४० मध्ये 'औरत' नावाने ही गोष्ट केली होती. ऑस्करच्या शेवटच्या पाच परदेशी चित्रपटांत जाऊन बसलेला हा आपल्या देशाचा पहिला सिनेमा. पण सासूबाईंना ऑस्करशी देणेघेणे नाही. त्या लग्न होऊन या गावात आल्या, त्या साली जत्रेत तंबू आला होता. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, खाली जमिनीवर पोते अंथरून बसायचे. रीळ बदलेपर्यंत अंधार, आणि अंधारात पोरांच्या शिट्ट्या. त्या तंबूत त्यांनी तो पाहिला होता. नर्गिस नांगर ओढते तो प्रसंग आला तेव्हा शेजारची बाई मोठ्याने रडू लागली होती, हे त्यांना अजून आठवते.

सासूबाईंनी नजरअंदाजच सोळा आणे दिला. कारण विचारले तर म्हणाल्या, "त्यो सुखीलाला आमच्या गावात व्हता." कन्हैयालाल यांनी केलेला तो सावकार. कर्ज पाचशे रुपयांचे, आणि व्याजापोटी पिकाचे चार वाटे करून तीन वाटे तो उचलून नेतो. मुद्दल जिथल्या तिथे. हिशेब वाचता येत नाही म्हणून पंचांपुढेही गरिबाचेच तोंड बंद. सासूबाई म्हणाल्या, "१९७८ सालात रातच्याला प्रौढ शिक्षनाचा वर्ग निघाला. मी लेकरू काखंत घिऊन जायची. लई नाही शिकले, पर सही शिकले. तवापासून आंगठा नाही लावला कुठं." आणि उजव्या हाताचा अंगठा उगाच पदराला पुसला.

मी मात्र बाराच आणे दिले. कारण असे की, दगडाखाली सापडून नवऱ्याचे दोन्ही हात जातात आणि एका रात्री तो बायकोला न सांगता घर सोडून निघून जातो. लोक म्हणतात, बिचारा स्वाभिमानी होता. मी म्हणते, हात गेले तर गेले, नुसता ओसरीवर बसून राहिला असता तरी त्या बाईला आधार झाला असता. निघून जाण्याआधी तिला एका शब्दाने तरी विचारायचे! मी हे जरा तावातावानेच बोलले. हे काही बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले. त्यांनी चौदा आणे दिले आणि झोपायला गेले.

दुसरा 'मंथन'. १९७६ चा, श्याम बेनेगल यांचा. हा आमच्या घरी सगळ्यांनाच आवडला, कारण आमच्याही दावणीला दोन म्हशी आणि एक गाय आहे. या सिनेमाचा पैसा कोणा शेठने घातलेला नाही. गुजरातच्या दूध संघांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन दोन रुपये दिले, त्यात तो झाला. लागला तेव्हा ते शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले होते. २०२४ मध्ये त्याची जुनी रिळे दुरुस्त करून तो फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात दाखवला गेला. दोन रुपयांची पुण्याई अठ्ठेचाळीस वर्षे टिकली म्हणायची.

गोष्ट साधी आहे. शहरातला ढोरांचा डॉक्टर (गिरीश कर्नाड) गावात येतो, दुधाची फॅट मोजतो आणि खासगी डेअरीवाला किती कमी भाव देतो ते लोकांना दाखवतो. मग सोसायटी उभी राहते. पण सोसायटी निघाली म्हणून गाव एक होत नाही. सरपंचाला वाटते ती आपल्या हातात राहावी, आणि वेशीबाहेरची माणसे म्हणतात आम्हालाही मत आहे. ह्यांनी नजरअंदाज पंधरा आणे दिला. म्हणाले, "आपल्याकडं पण सोसायटीच्या विलेक्शनात हेच चालतं. माणसं तीच, निस्ती टोपी बदलली."

धाकटीने मात्र त्यांना अडवले. स्मिता पाटीलने केलेली बिंदू सगळ्यांत आधी धीट होऊन पुढे येते. आणि तिच्याच नवऱ्याच्या हातून तिचा अंगठा कागदावर लावून घेतला जातो, तोही डॉक्टरच्या बदनामीच्या कागदावर. धाकटी म्हणाली, "बाबा, काल आजीचा सिनेमा बघितला, आज तुमचा. दोन्हीकडं घात कागदावरच्या अंगठ्यानंच झाला. आणि शेवटी डॉक्टर बदली होऊन गेला. बिंदूचं काय झालं ते कोणीच विचारत नाही." सकाळी सुधारित पैसेवारीत हे चौदा आण्यांवर आले. मीही चौदा दिले. ते दोन आणे बिंदूसाठी कापले. सासूबाईंनी बारा दिले, कारण त्यांना हिंदी भराभर कळत नाही. म्हशी मात्र चांगल्या होत्या म्हणाल्या.

तिसरा 'टिंग्या'. २००८ साली मंगेश हाडवळे यांनी केलेला मराठी सिनेमा. जुन्नरकडचे रान, तिकडची बोली. टिंग्या झालेल्या शरद गोयेकर या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. गोष्ट एका बैलाची. चितंग्या नावाचा बैल खड्ड्यात पडून जायबंदी होतो. पेरणी तोंडावर, हातात पैसा नाही. बाप म्हणतो, बैल खाटकाला विकू. पोरगा म्हणतो, शेजारची आजी म्हातारी आहे, आजारी आहे, तिला औषध देता, मग माझ्या बैलालाच का विकता? याला उत्तर बापापाशी नाही, आणि खरे सांगायचे तर बघणाऱ्यापाशीही नाही.

धाकटीचे सोळा आणे. सासूबाईंचे सोळा. पोळा आठ-दहा दिवसांवर आलेला, त्यामुळे माझेही डोळे भरून आले. ह्यांनी दहाच आणे दिले आणि आम्ही तिघी त्यांच्यावर तुटून पडलो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पोराचं खरं हाये. पर बापाला कोनी वाईट म्हनू नका. वैरण काय भावानं मिळती ते त्या पोराला माहीत नसतं." मग त्यांनी समजावले. सिनेमा आला तेव्हा थकला बैल खाटकाकडे जायचा. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी झाली. म्हणजे पोराचा हट्ट कायद्याने पुरा केला असे म्हणा. पण दावणीला बसून राहिलेल्या बैलाला रोज वैरण-पाणी घालायचा खर्च ज्याच्या त्याच्या अंगावरच राहिला. आमचा पवळ्या तेरा वर्षे औताला चालला आणि पुढे चार वर्षे बसून खाल्ले. त्याला ह्यांनीच शेवटपर्यंत हाताने चारले. म्हणून त्यांना दहा आणे म्हणण्याचा अधिकार आहे, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी ते आपणहून तेरावर आले. मी सोळाचे पंधरा केले.

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. चौथ्या रात्रीचे सांगायचे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. ह्यांना विचारले. ते म्हणाले, "लिही. कुनाच्या तरी कामी यील."

चौथा सिनेमा 'गाभ्रीचा पाऊस'. सतीश मनवर यांचा, २००९ मधला. विदर्भातला कपाशीचा शेतकरी. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी नवरा-बायको झाले आहेत, ज्योती सुभाष म्हातारी आई. गावात एक शेतकरी जीव देतो. त्या दिवसापासून या बायकोच्या मनात पाल चुकचुकते, आपलाही माणूस असे काही करील काय? उघड विचारायची हिंमत नाही. मग ती पोराला बापाच्या मागावर ठेवते, सासूला नजर ठेवायला सांगते, नवऱ्याला आवडेल ते रांधते. नवऱ्याला कळेना, एकाएकी आपले इतके लाड काहून चालले आहेत. बघताना हसू येते. धाकटी हसत होती, सासूबाई हसत होत्या.

मला हसू येईना. कारण ती बाई मीच होते.

२०१२ साली आमच्या जालना जिल्ह्यात पाऊस कसा रुसला, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पुढच्या उन्हाळ्यात मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. आमची तीनशे झाडे होती, नऊ वर्षांची. लेकरासारखी वाढवलेली. विहिरीने जानेवारीतच तळ दाखवला. टँकर विकत घेऊन झाडामागे दोन-दोन हंडे पाणी घातले. टँकरसाठी उसने काढले. बागेचे कर्ज होतेच. मार्चमध्ये पाने गळाली, मेमध्ये झाडे तोडून सरपण केले. ह्यांनी स्वतः कुऱ्हाड चालवली. त्या दिवसापासून ह्यांचे बोलणे थांबले. जेवायला वाढले तर जेवायचे, नाही वाढले तर मागायचे नाहीत. सकाळी उठून मोकळ्या रानात जाऊन बसायचे. तिथे काम तर काहीच नव्हते.

तेव्हा मी काय केले? फवारणीची औषधे कुलपात घातली आणि किल्ली माझ्या पोत्यात ओवली. धाकटी आठ वर्षांची होती, उन्हाळ्याची सुट्टी. तिला म्हणायचे, "बाबाला चहा नेऊन दे." तासाभराने, "बाबाला पाणी नेऊन दे." मग, "बाबाला विचारून ये, भाकरी कवा आणू." दुपारी सासूबाईंना म्हणायचे, "आत्याबाई, जरा रानात चक्कर मारून या, शेण्या बघून या." त्या मुकाट जायच्या. त्यांनी मला एकदाही विचारले नाही, काय शेण्या बघायच्या. घरात गूळ नव्हता तरी उसना आणून धपाट्याबरोबर गुळाचा खडा ठेवायचे. जूनमध्ये पाऊस पडला, सरकी टोचली, आणि ह्यांनी एक दिवस बैलांना मोठ्याने हाक मारली. ती हाक ऐकून मी चुलीपुढे बसून रडले. त्यानंतर हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. दहा-बारा वर्षे झाली, मी ह्यांना विचारले नाही, ह्यांनी मला सांगितले नाही.

सिनेमाचा शेवट सांगत नाही, तुम्ही बघाल तेव्हा बघा. संपल्यावर कोणी दिवा लावला नाही. धाकटीने हळूच विचारले, "बाबा, नजरअंदाज?"

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या उन्हाळ्यात मी लई चहा प्यालो."

माझ्या अंगावर काटा आला.

"तुमाला वाटतं मला कळत नव्हतं व्हय? पोरगी इतक्यांदा येती, म्हातारी शेण्या बगाया येती, अन् आमच्या ढोरांचं शेण त्या सालात व्हतं कुठं!" ते थोडे हसले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एक दिवस आलं व्हतं मनात. विहिरीच्या थारोळ्यावर बसलो व्हतो. लांबून पोरगी येताना दिसली. पायात चप्पल नव्हती, फुफाट्यात उड्या मारत येत व्हती. कपात निम्माच चहा राहिला व्हता. तवा वाटलं, ही येती तवर बसावं. मग ती रोजच येत गेली."

धाकटी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिला यातले काहीच माहीत नव्हते. तिला एवढेच आठवत होते की त्या उन्हाळ्यात आई सारखी कामे सांगायची आणि तिचे पाय भाजायचे.

सासूबाई म्हणाल्या, "मला समदं म्हाईत व्हतं. पर आईनं कसं विचारावं?"

मी म्हटले, "आणि बायकोने कसे विचारावे?"

यावर कोणापाशी उत्तर नव्हते. चार माणसे एका छपराखाली, चौघांच्या पोटात एकच गोष्ट, आणि तोंड उघडायला एवढी वर्षे आणि एक सिनेमा लागला. 'मदर इंडिया' बघताना मी त्या नवऱ्याला बोल लावला होता, की निघून जाण्याआधी बायकोला एका शब्दाने तरी विचारायचे. आता वाटते, एका शब्दाने विचारणे माझ्याही हातात होते. पाळत ठेवली ती काही चूक नव्हती, तिने आमचे घर वाचले. पण निम्मा कप चहावर किती दिवस भरवसा ठेवायचा? पोरगी एखाद दिवशी वाटेत खेळत बसली असती तर?

म्हणून माझ्या बहिणींना एवढेच सांगते. घरातला माणूस बोलायचा थांबला, जेवणावरून त्याचे मन उडाले, मोकळ्या रानात एकटा बसू लागला, तर औषधे कुलपात घालाच, पोराला चहा घेऊन पाठवाच. पण संध्याकाळी शेजारी बसून सरळ विचारा, "तुमच्या मनात काय चाललंय? जीव द्यायचं तर येत नाही ना मनात?" विचारल्याने तसले विचार मनात भरतात, ही समजूत खोटी आहे. उलट माणसाचे ओझे हलके होते. विचारायचा धीर होत नसेल, किंवा उत्तर ऐकून घाबरायला झाले, तर १४४१६ हा नंबर लावावा. सरकारचा टेली-मानस नावाचा हा फोन २०२२ मध्ये सुरू झाला. रात्री-बेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. आमच्या वेळी तो नव्हता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही विचारता येते. त्यात लाज कसली? बैल खायचा थांबला तर आपण डॉक्टरला बोलावतोच ना?

दुसऱ्या दिवशी उघडीप पडली. चहाच्या वेळी धाकटीने वही काढली. 'मदर इंडिया' अंतिम चौदा आणे, 'मंथन' चौदा, 'टिंग्या' पंधरा. चौथ्यापुढे रकाना मोकळा होता. तिने बापाकडे पाहिले.

हे म्हणाले, "त्याची आणेवारी नसती काढायची. पीक समदं गेलं की आणेवारी नाही, पंचनामा असतो."

"मग काय लिहू?"

"लिही, पंचनामा झाला म्हनून. चौघांच्या समक्ष."

तिने तसे लिहिले. सासूबाईंनी वही मागून घेतली आणि खाली आपली सही ठोकली. वेलांटी जरा वाकडी आली, पण सही स्पष्ट होती. मग ह्यांनी केली, मी केली, धाकटीने केली.

चहा पिऊन हे रानात निघाले. मी विचारले, "चहा पाठवू का दुपारी?"

म्हणाले, "पाठव. पर या टायमाला तूच घेऊन ये."